मंडळ आणि मंडळी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या दिवशी बोलायला तुम्ही मला उभे केलेत. मी शाळेत पोरांना पाढे शिकवण्यात जन्म घालवलेली बाई. सभेत बोलण्याची मला सवय नाही. शिवाय तुम्ही बजावून ठेवले आहे, की "बाई, तुमच्या ख्रिस्ती लोकांतले काही सांगा, ते आम्हांला ठाऊक नसते." म्हणून आज मी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. ती ऐकताना तुम्हांला ती आपल्या मंडळाचीच वाटली, तर त्यात माझा दोष नाही.

प्रथम एका शब्दाविषयी सांगते. देवळासारख्या इमारतीला आम्ही चर्च म्हणतो. पण त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांना मराठी ख्रिस्ती लोक म्हणतात 'मंडळी'. शास्त्राच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आहे. तुमचे ते मंडळ, आमची ती मंडळी. शब्द एकाच घरचे. 'मंडळी जेवायला बसली' असे आपण म्हणतो, तेव्हा नियम, अध्यक्ष, वर्गणी यांतले काही आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. पानावर बसलेली माणसे येतात. पण 'मंडळाची सभा भरली' म्हटले, की लगेच वही, शिक्का आणि कोषाध्यक्ष आठवतात. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना चर्चची इमारत नव्हती. ते घरांत जमत. फिलिप्पै नावाच्या गावी लुदिया नावाची बाई होती. ती जांभळ्या कापडाचा व्यापार करी. तिने आपले घर या लोकांना उघडून दिले, असे शास्त्रात आहे. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला हे तंबू करणारे कारागीर. त्यांच्याही घरी मंडळी जमे. एकत्र जेवायचे, एकमेकांचे सुखदुःख विचारायचे, प्रार्थना करायची, विधवांना धान्य पोचते की नाही ते पाहायचे, एवढाच त्यांचा कारभार. ३१३ साली रोमच्या साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली, पुढे राजाश्रयही मिळाला. मग मोठमोठी मंदिरे उभी राहिली, अधिकारी आले, जमिनी आल्या, हिशेब आले. त्यात वाईट काही नव्हते. पण जेवणाची पंगत मागे पडली आणि रांगेने बसणे सुरू झाले. पंगतीत माणसाला शेजारच्याचे तोंड दिसते. रांगेत पुढच्याची पाठ दिसते.

ही तक्रार दूरदेशीचीच नाही. आपल्या महाराष्ट्रात ती एका मोठ्या माणसाने बोलून दाखवली. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव तुमच्यापैकी शाळेत गेलेल्या साऱ्यांना माहीत असेल. कोकणातला हा ब्राह्मण १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, पाळकाची दीक्षा घेतली, 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी भाग सांभाळला. घरात कोणीही यावे आणि पानावर बसावे, असा त्यांचा खाक्या. पण मिशन म्हणजे पगार, मिशन म्हणजे साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसे, हे त्यांना बोचत राहिले. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्याला जागा होती, तशीच न घेतलेल्यालाही होती. ख्रिस्तावर प्रेम असले की पुरे, मग तो कोणत्या चर्चच्या वहीत आहे हे विचारायचे नाही.

केवढा सुंदर विचार! पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या प्रेमावर उभी राहिलेली बैठक त्या माणसाबरोबर उठली. आणि आता दुसरी बाजू ऐका. टिळकांची भजने आज गावोगाव कोण गाते? ज्या चर्चच्या चाकोरीला ते कंटाळले होते, त्याच चर्चांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात ती आहेत, आणि दर रविवारी ती म्हटली जातात. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दरबार गेला, पण पुस्तकाने आणि पत्नीने गाणे सांभाळले.

लक्ष्मीबाईंचे नाव निघाले म्हणून सांगते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. तो काळ असा होता, की १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा देण्यात आला, त्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले! अशा काळात लक्ष्मीबाईंनी मनाशी प्रश्न केला, की जाती देवाने केल्या की माणसाने. माणसाने केल्या असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी पाणी, मग धर्म. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हे फार जाणवते. कोणा मोठ्या सभेतल्या ठरावाने त्यांचे मन बदलले नाही, ते एका बाईच्या मनातल्या मनात बदलले.

आता आपल्या जिल्ह्यातले केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथे दौंडच्या वाटेवर आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पण तेथल्या धर्माधिकाऱ्यांनी जे जे सांगितले ते ते त्यांनी मान्य केले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायची नाही, हे त्यांनी आपल्या गुरुभगिनीला पत्रांतून स्पष्ट कळवले. शेवटपर्यंत त्यांनी स्वतःला कोणत्याही एका पंथाला बांधून घेतले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुलीबाळी आणल्या, १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. १९०५ साली केडगावी सत्तरएक जणी रोज जमून प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली, आणि त्यातून जी लाट उठली तिची वार्ता परदेशांतही पोचली.

पण भगिनींनो, त्या पाचशे जणींना सकाळी भाकरी कोणी घातली? त्यासाठी शेत होते, विहिरी होत्या, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, छापखाना होता, आंधळ्या मुलींना शिकवण्याची सोय होती. याचा हिशेब कोणीतरी रोज लिहीत होते. रमाबाई १९२२ साली गेल्या, तरी मुक्तिसदन आजही चालू आहे. टिळकांच्या दरबारात नियम नव्हते, तो मालवला. रमाबाईंनी जोखड नाकारले, पण वही नाकारली नाही, म्हणून त्यांचे घर टिकले. मला तरी त्या दोघांतला फरक हा असा दिसतो.

आता माझी गोष्ट. या तालुक्यात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा इकडे ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्चला जायचे तर रविवारी सकाळची एस.टी. धरून पुण्याला जावे लागे, आणि पावसाळ्यात घाटाकडची गाडी कधी येईल याचा नेम नसे. म्हणून आम्ही चारपाच कुटुंबे गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीत जमू लागलो. एक परिचारिका, पिरंगुटच्या कारखान्यातले दोघे, एक शाळेतला शिपाई, त्यांची बायकामुले. सतरंजी अंथरायची, ढोलकी आणि टाळ घ्यायचे, दोन भजने म्हणायची, एकाने शास्त्रपाठ वाचायचा, मग ज्याचे त्याने दुःख सांगायचे. शेवटी चहा. आमच्याकडे याला घरसभा म्हणतात. दोघेतिघे जमले तरी आपण त्यांच्यात असतो असे येशूने सांगितले आहे, त्या भरवशावर आमचे चाले. खरे सांगते, पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये मला जो जिव्हाळा कधी मिळाला नव्हता, तो त्या दहा फुटांच्या खोलीत मिळाला. मी म्हणू लागले, की आता मला चर्चची गरज काय?

तेवढ्यात माझी आई गेली. माझ्यापाशीच होती, श्रावणात रात्री गेली. घरसभेची सगळी माणसे धावत आली, रडली, रात्रभर भजने म्हणत बसली. पण सकाळी प्रश्न पडला, की पुरायचे कोठे? आमच्या घरसभेपाशी प्रेम होते, दफनभूमी नव्हती. शहरात चौकशीला माणूस पाठवला तर कचेरीतल्या गृहस्थांनी विचारले, "बाईंचे नाव आमच्या रजिस्टरात आहे का? वर्गणीची पावती आहे का?" आईचे नाव नगरकडच्या आमच्या गावच्या वहीत. पावती कोठून आणू? त्या वेळी मला त्या कचेरीचा असा राग आला, की सांगता सोय नाही. आईचे शरीर घरात आहे आणि हे पावती मागतात!

मग काय झाले ते ऐका. गावाकडे फोन गेला. तेथल्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी कपाटातली जुनी वही काढली. आईचा बाप्तिस्मा, आईचे लग्न, माझा जन्म, सगळे कोणीतरी कधीकाळी शाईने, वळणदार अक्षरात लिहून ठेवलेले होते. लिहिणारा माणूस केव्हाच वारला. त्याने आईला पुढे कधी पाहिलेही नसेल. पण त्याच्या वहीने आईला ओळखले. इकडचे पाळक ते कळताच स्वतः गाडी करून आले, भर पावसात आले, आणि आईची माती नीट झाली. तेव्हापासून मी वहीला रुक्ष म्हणणे सोडले. जिव्हाळा आज जे आठवतो, ते पन्नास वर्षांनी आठवायला वही लागते.

त्या रात्री आणखी कोण आले होते, ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. याच मंडळातल्या चौघीजणी आल्या. तीन दिवस आमच्या घरची चूल पेटू न देता पिठले-भाकरी त्यांच्या घरून आली. कोणी मला धर्म विचारला नाही, मंडळाची वर्गणीही विचारली नाही. मी तर तेव्हा तुमची सभासदही नव्हते.

एवढे सांगून थांबले असते तर घरसभेची मोठी शोभा झाली असती. पण एक गोष्ट लपवली तर भाषण खोटे होईल. आमच्या घरसभेला एक बाई दोनदा आली. बांधकामावर पाट्या वाहणारी, परजिल्ह्यातली, आमच्याच धर्माची. ती दारापाशी बसली. आम्ही आपसांत इतके रमलेले, की कोणी सरकून जागा दिली नाही. भजन कोणते ते आम्हांला पाठ, म्हणून पुस्तक काढले नाही. तिला ते येत नव्हते. एकमेकांच्या मुलांची नावे घेऊन आम्ही प्रार्थना केली. तिच्या मुलाचे नाव कोणी विचारले नाही. तिसऱ्या गुरुवारी ती आली नाही. पुढे बाजारात भेटली तेव्हा मी विचारले, "का गं, येत नाहीस?" ती म्हणाली, "बाई, ते तुमचं घरचं हाय. मी कशाला मधी?"

ते वाक्य मला अजून टोचते. चर्चच्या कचेरीने आईला पावती मागितली म्हणून मी रागावले होते. आणि माझ्या घरसभेने त्या बाईला न बोलताच पावती मागितली होती. चर्चचा दरवाजा मोठा असतो, कोणीही शिरून मागच्या बाकावर बसू शकते. घराचा दरवाजा लहान असतो, आणि आतल्यांना तो बंद आहे हे कळतही नाही. जिव्हाळ्याचाही एक अहंकार असतो, बायांनो.

मग या दोहोंचा मेळ कसा घालावा? याचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल गावी मेथडिस्ट मंडळींवर इमारतीचे कर्ज झाले होते. कोणी सुचवले, की बाराबारा जणांचे गट करावे आणि गटनायकाने आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जाऊन एक पेनी गोळा करावी. हेतू निव्वळ वर्गणीचा. पण घरोघर गेल्यावर नायकांना कळू लागले, की अमक्याच्या घरी आजारपण आहे, तमका दारूला लागला आहे, तमकीला पोरांना घालायला काही नाही. हळूहळू ते गट एकमेकांची विचारपूस करणारे गट झाले, आणि त्या पंथाचा कणा बनले. वर्गणीची वही घेऊन निघालेला माणूस शेजारी होऊन परतला!

आपल्या पुण्यातही असा प्रयत्न झाला. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ साली नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. टिळकांना मानणारा हा माणूस, त्यांचे चरित्रही त्याने लिहिले. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. खादी, शाकाहारी जेवण, जमिनीवर पंगत, आणि हिंदी व इंग्रज यांनी बरोबरीने राहणे, ही तेथली रीत. काळ बदलला, माणसे पांगली. पण १९७२ साली त्याच आश्रमात रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. दोन चर्चेस एका टेबलावर बसायला तयार नसतात, तेथे चार बायका एका चुलीवर नांदल्या. आणि त्यांतल्या अँग्लिकन भगिनी होत्या वाँटेजच्या, म्हणजे रमाबाईंचा जेथे बाप्तिस्मा झाला त्याच संघाच्या. त्याआधी १९७० साली नागपुरास सहा चर्चेसचे मिळून एक उत्तर भारतीय चर्च झाले होते. तेही मोठे काम, त्याला अनेक वर्षांच्या बैठका लागल्या. एक काम ठरावाने होते, दुसरे चुलीपाशी होते. मला दोन्ही हवीत.

आता आपल्याकडे वळते. आपले मंडळ सुरू झाले तेव्हा आपण मंगळवारी आळीपाळीने एकेकीच्या ओसरीवर जमत होतो. भजन, शिवण, थोडी भिशी, बाकी गप्पा. भातलावणीच्या दिवसांत एकमेकींच्या खाचरात इर्जिकीला जात होतो, आणि इर्जिकीला पावती नसते. आता आपली नोंदणी झाली, बँकेत खाते झाले, हे सभागृह झाले. मला त्याचा अभिमान आहे. हिशेब चोख आहे म्हणून मागच्या वर्षी दोन मुलींची फी भरता आली. पण आता म्हणतात, की ओसरीवरच्या बैठका बंद करून सगळे सभागृहातच घ्यावे, सोयीचे होईल. त्याबद्दल आजच निर्णय आहे, म्हणून मी एवढे बोलले.

या तालुक्याने गावे उठताना पाहिली आहेत. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध येथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. घराचा मोबदला ठरवता येतो. पण जिच्या हाती पोर ठेवून शेतावर जाता येई ती शेजारीण कोणत्या कागदात मोजायची? ती पांगली की पांगली. धरणाने जे जबरीने नेले, ते आपण सोयीसाठी हाताने सोडू नये.

माझे मागणे लहान आहे. सभागृह राहू द्या, वही राहू द्या, शिक्काही राहू द्या. पण महिन्यातून दोन मंगळवार ओसरीवरच भरू द्या, आणि दर वेळी ओसरी नवी असू द्या. आजवर जिच्या घरी बैठक झाली नाही, तिच्या घरी आधी. वस्तीवरच्या, भाड्याने राहणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या घरीसुद्धा. आणि हजेरीच्या वहीत एक नवा रकाना आखा. कोण आली हे आपण लिहितोच. त्या रकान्यात लिहा, की कोण आली नाही, आणि तिच्या घरी कोण जाऊन आली. पहिले सहा महिने ती वही मी सांभाळते. अक्षर माझे अजून बरे आहे.

दारापाशी बसलेल्या त्या बाईचे नाव मी आजतागायत विचारले नाही, ती पुढे कोठे गेली कोण जाणे. त्या रकान्यातली पहिली ओळ मी तिच्यासाठी कोरी सोडणार आहे.